बिग बँडमध्ये स्विंग होत नसेल तर आधी उजवा पाय बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्यात नऊ वर्षं रॉक आणि ऑर्केस्ट्राला ड्रम वाजवलेस, आता शिकायला अमेरिकेत गेलायस, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या १७ जणांच्या बिग बँडमध्ये, म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनवाल्या मोठ्या जॅझ बँडमध्ये, सिलेक्ट झालायस, पण तिसऱ्या रिहर्सलला डायरेक्टर म्हणाले की तुझं चुकत काहीच नाहीये, टेम्पो पण हलत नाहीये, तरी बँड चालत नाहीये. म्हणून तू विचारतोयस की जीन क्रुपा आणि बडी रिच या जुन्या जॅझ ड्रमर्सचे कुठले सोलो बसवले म्हणजे तो फील हाताला येईल.

सध्या एकही सोलो बसवू नकोस. तुझी अडचण हातात नाहीच, उजव्या पायात आहे, आणि थोडी कानात आहे. मी तुझं वाजवणं ऐकलेलं नाही तरी हे खात्रीने सांगतोय कारण गेली ३५ वर्षं मी हेच वाजवतोय आणि शिकवतोय, रॉककडून स्विंगकडे, म्हणजे जॅझच्या त्या डोलत्या लयीकडे, आलेला प्रत्येक मुलगा आणि मुलगी याच ठिकाणी अडकते, मी पण इथेच अडकलो होतो आणि जवळजवळ दोन वर्षं अडकलो होतो. उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच.

तुला एक रात्र सांगतो म्हणजे बाकीचं सगळं त्यावर नीट बसवता येईल. १६ जानेवारी १९३८, न्यूयॉर्क. संध्याकाळी कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या बँडची मैफल, जिथे एरवी सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजायचे तिथे हा नाचाचा बँड, आणि ड्रमवर जीन क्रुपा. त्याच रात्री उशिरा तिकडे वर हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूमला काउंट बेसी आणि चिक वेब यांच्या बँडची लढत, म्हणजे बेसीकडे जो जोन्स आणि समोर खुद्द वेब. एका शहरात एका रात्रीत हे तीन ड्रमर! तुला बिग बँड शिकायचा असेल तर हे तिघं तीन वेगळ्या गोष्टी शिकवतात, आणि गंमत म्हणजे तिघांच्या खाली एकच गोष्ट चालू आहे जी रेकॉर्डवर पटकन ऐकूच येत नाही. ती म्हणजे बास ड्रमवर, पायाने वाजवायच्या त्या मोठ्या ड्रमवर, चारही मात्रा, हळू, सतत.

क्रुपापासून सुरू करू कारण तू त्याचंच नाव घेतलंयस. शिकागोचा मुलगा, १९०९ चा जन्म, १९३४ च्या डिसेंबरमध्ये गुडमनकडे आला. १९३५ च्या उन्हाळ्यात त्यांचा बँड न्यूयॉर्कहून निघून पश्चिमेकडे वाजवत चालला होता, वाटेत ठिकठिकाणी आपटला, आणि २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये लोकांनी एकदम डोक्यावर घेतला, कारण रात्री उशिरा लागणारा त्यांचा रेडिओ कार्यक्रम तिकडे वेळेच्या फरकामुळे भर संध्याकाळी ऐकू यायचा आणि तरुण मुलांना ती गाणी पाठ झाली होती. 'सिंग, सिंग, सिंग' जुलै १९३७ मध्ये रेकॉर्ड झालं, आठ मिनिटांहून मोठं, १२ इंची रेकॉर्डच्या दोन बाजूंवर, आणि त्यातला टॉमटॉमचा तो घुमणारा ठेका अजून जगभर ड्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतो. ड्रमर पण स्टार असू शकतो हे क्रुपाने दाखवलं, आणि दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉमटॉम कंपनीकडून करून घेतले, आज तू ज्या किटवर वाजवतोस त्याचा नकाशा त्याचाच आहे. त्याला मी कधीही कमी लेखणार नाही.

पण 'सिंग, सिंग, सिंग'चं कार्नेगीचं रेकॉर्डिंग (१९५० साली बाहेर आलं, वर टांगलेल्या एका माइकवर बहुतेक सगळं घेतलेलं) तू कुठून ऐकतोस? टॉमटॉमपासून ना? आता एकदा शेवटाकडे जा, जेस स्टेसी पियानोवर येतो तिथे. कुणी ठरवलं नव्हतं, गुडमनने आयत्या वेळी त्याला खूण केली, आणि तो अगदी नाजूक, जवळजवळ देवळात वाजवावं तसं वाजवायला लागतो. त्याच्या खाली क्रुपा काय करतो ते ऐक. दोन मिनिटांपूर्वी हॉल हलवून सोडणारा माणूस एवढा खाली येतो की पियानोचं एकही बोट झाकलं जात नाही, आणि तरी लय एक केसभरसुद्धा ढळत नाही. मला विचारशील तर त्या रात्रीचं क्रुपाचं सगळ्यात मोठं वाजवणं ते आहे.

आता चिक वेब. बाल्टिमोरचा, लहानपणी मणक्याचा क्षय झालेला, पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट, आयुष्यभर दुखणं. त्याच्यासाठी पेडल वगैरे खास बनवून घेतलेली, बास ड्रम मात्र २८ इंची, म्हणजे मागे बसलेला माणूस दिसायचा सुद्धा कष्टाने. सॅव्हॉय बॉलरूम लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधे, अख्खा ब्लॉकभर लांब, दोन स्टेज, एक बँड थांबला की दुसरा लगेच चालू, आणि काळे गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे जे त्या काळात न्यूयॉर्कमध्येसुद्धा बाकी ठिकाणी सहज होत नव्हतं. तिथला घरचा बँड वेबचा. ११ मे १९३७ ला गुडमनचा बँड तिथे लढायला आला, तेव्हा तो देशातला सगळ्यात गाजलेला बँड होता, बाहेर रस्त्यावर हजारो लोक, आणि वेबने त्यांना त्यांच्याच गाण्यांवर हरवलं. क्रुपाने उठून त्याला वाकून नमस्कार केला, आणि पुढे आयुष्यभर उघडपणे सांगत राहिला की त्या रात्री मला माझ्यापेक्षा सरस माणसाने हरवलं. १९३५ पासून त्या बँडची गायिका कोण होती माहितीये, एला फिट्झजेराल्ड, तेव्हा विशीच्या आत. वेब जून १९३९ मध्ये गेला, चाळीशीसुद्धा पाहिली नाही.

हे एवढं सांगितलं कारण सॅव्हॉयमध्ये ऐकणारे नव्हते, नाचणारे होते. शेकडो लोक लिंडी हॉप करतायत, बाईला हवेत फेकून परत झेलतायत, आणि त्यांचा भरवसा ड्रमरच्या पायावर आहे. कंट्राबासला अँप नाही, गिटारला अँप नाही, गायिकेला जेमतेम एक माइक, आणि समोर दहा हॉर्न्स फुंकतायत. अशा वेळी बास ड्रमचा चार मात्रांचा तो मऊ ठोका कंट्राबासच्या सुराला खालून जाडी देतो. बास वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सुटतं त्याच क्षणी ड्रमची हवा हलते आणि दोन्ही मिळून एकच सूर होतो, ऐकणाऱ्याला वाटतं बासचाच आवाज मोठा आहे. याला तिकडे फेदरिंग म्हणतात, पिसासारखं वाजवणं. तुझ्या डायरेक्टरना जे मिळत नाहीये ते हेच असणार, कारण रॉकमध्ये आपण बास ड्रम एकतर दणकून वाजवतो नाहीतर वाजवतच नाही, मधली पायरी आपल्याला कुणी शिकवलेलीच नसते.

मला ती शिकवली धोबी तलावला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गोवेकर अंकलनी. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये वाजवलेले, त्या पिढीचे. मुंबईत हा वारसा खरंच जुना आहे, १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवायला आला, मग पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकून आलेली आपली मुलं त्यांच्याकडे बघून बघून तयार झाली. चिक चॉकलेट त्यातलेच, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा आवाज, ऐकू येतो त्यामागे ही मंडळी आहेत. तर अंकल. पहिल्या दिवशी मी माझ्या मते छान स्विंग वाजवून दाखवला. ते उठले, किटच्या पुढे येऊन बास ड्रमच्या समोरच्या पानावर, ताणलेल्या पडद्यावर, तळहात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, वाजव. मी वाजवला. "सवकास, पुता, सवकास." परत वाजवला. परत तेच. मग मला म्हणाले की माझ्या हाताला कळलं पाहिजे, दारात उभ्या माणसाला कळता कामा नये. पाच महिने त्यांनी मला दुसरं काही वाजवू दिलं नाही असं म्हटलं तरी चालेल.

कसं करायचं ते आता नीट सांगतो. टाच पेडलवर खाली टेकवून ठेव, वर उचलायची नाही. बीटर, म्हणजे पेडलचा ठोका देणारा गोळा, पानापासून दोन-तीन सेंटीमीटरवर, तेवढाच प्रवास. आदळायचा नाही आणि दाबून धरायचा तर अजिबातच नाही, टेकला की सोडायचा, तबल्यावर 'तिन्' वाजवताना बोट जसं लगेच उचलतो तसं, नाहीतर पान मेलं. टेम्पो १२० ला (मिनिटाला १२० मात्रा) लाव आणि दहा मिनिटं फक्त हे, हात मांडीवर. तिसऱ्या मिनिटाला नडगीचा स्नायू जळायला लागेल, ते बरोबर आहे, त्या स्नायूला रॉकमध्ये कधी कामच पडलेलं नसतं. थांब, पाय झटक, परत सुरू कर. दोन आठवड्यांनी वरून राइड, म्हणजे उजव्या हाताची मोठी सिंबल, चालू कर आणि फोन दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड कर. रेकॉर्डिंगमध्ये बास ड्रम वेगळा ऐकू आला तर जास्त होतोय. मग पाय काढून घे आणि तेच परत रेकॉर्ड कर, दुसरं रेकॉर्डिंग पोकळ वाटलं पाहिजे. जेव्हा 'आहे' ते कळत नाही पण 'नाही' ते कळतं, तेव्हा पाय लागला असं समज.

आणि ड्रम पण बघ. रॉकच्या किटला पुढच्या पानाला भोक असतं आणि आत उशी असते, त्यावर फेदरिंग होऊच शकत नाही, पाय हळू केला की नुसतं पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखं येतं. उशी काढ. पुढचं पान अख्खं लाव, भोक नसलेलं. दोन्ही बाजूंना पानाला टेकणारी फेल्टची एक पट्टी पुरे. वादी ओढावी तसं थोडं वर चढव, 'थड' जाऊन 'बूं' यायला लागलं की थांब. बीटर मऊ, लोकरीचा मिळाला तर फारच उत्तम. त्या काळात सगळी पानं कातड्याची असायची, प्लास्टिकची पानं १९५७ च्या आसपास बाजारात आली, आणि कातडं हवेतल्या ओलाव्याने उतरायचं हे आपल्या ढोलकी-तबलेवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण त्या कातड्याचा जो गोल मऊ आवाज असतो तो डोक्यात ठेवून ट्यून कर. स्टिक्स पण बदल, ५बी वगैरे जाड काठ्या बाजूला ठेव, बारीक ७ए घे.

आता त्या रात्रीचा तिसरा माणूस, जो जोन्स. माझ्या मते सगळा आधुनिक ड्रम इथून निघतो. त्याच्या आधी ठेका मुख्यतः स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) आणि बास ड्रमवर चालायचा, जड, मिलिटरी बँडच्या जवळचा. जो जोन्सने तो उचलून हाय-हॅटवर, म्हणजे डाव्या पायाने उघडझाप होणाऱ्या दोन सिंबल्सवर, नेला. बेसी पियानोवर, वॉल्टर पेज बासवर, १९३७ पासून फ्रेडी ग्रीन गिटारवर आणि हा ड्रमवर, या चौघांना अजूनही लोक ऑल अमेरिकन ऱ्हिदम सेक्शन म्हणून ओळखतात. 'वन ओ'क्लॉक जंप' ऐक, १९३७ चं. पहिल्यांदा ऐकशील तर ड्रमर काही करतच नाहीये असं वाटेल. नुसती हवा चालू आहे. तीन-चार वेळा ऐक, मग लक्षात येईल की सगळा बँड त्या हवेवर बसलाय.

ती हवा कशी येते तर हाय-हॅट उघडताना पूर्ण उघडायची नाही. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला दोन्ही सिंबल्स इतक्याच लांब जातात की एकमेकींना घासत राहतात, आणि दुसऱ्या-चौथ्याला बंद होतात. तोंडाने म्हण, 'त्साऽऽ चिक्-अ, त्साऽऽ चिक्-अ'. तो 'त्साऽऽ' पुढच्या 'चिक्'पर्यंत लांबला पाहिजे, मधे भोक पडलं की रॉक झालं. बहुतेक मुलं वरच्या क्लचचा नट एवढा सैल ठेवतात की सिंबल हलतच राहते, किंवा एवढा घट्ट की ती श्वासच घेत नाही, त्यामुळे नट थोडा सैल, खालच्या सिंबलला जरासा तिरपेपणा, आणि डावा पाय घोट्यातून. आपल्याकडे बोल आधी तोंडाने म्हणून मग हाताला देतात ना, तेच इथे कर, मी आजही कुठलाही नवीन चार्ट, म्हणजे कागदावर लिहिलेली अरेंजमेंट, आधी तोंडाने वाजवतो.

राइडबद्दल सगळेच बोलतात म्हणून मी थोडक्यात सांगतो. 'डिंऽग डिंग-अ डिंऽग डिंग-अ', यात मोठ्या मात्रा चार आहेत, त्या चारही सारख्या चालल्या पाहिजेत जसा माणूस चालतो, आणि मधला तो 'अ' हलका, पुढच्या मात्रेत पडणारा. यूट्यूबवर सांगतात की प्रत्येक मात्रेचे तीन भाग कर आणि पहिला-तिसरा वाजव. मध्यम लयीत ते साधारण खरं आहे. पण २४० च्या टेम्पोला ते जवळजवळ सरळ सारखं होतं, आणि अगदी संथ लयीत कधी जास्त ताणलं जातं. म्हणजे हे गणिताने कायमचं ठरवून टाकण्यासारखं नाही, लावणीच्या ढोलकीतलं लचकणं कुणी कागदावर लिहून शिकलंय का? ऐकून ऐकूनच येतं ते.

एक गाणं मुद्दाम सांगतो कारण ते तुझी परीक्षा घेईल. बेसीच्या बँडचं 'लिल डार्लिंग', १९५७ चं, ड्रमवर सॉनी पेन. अरेंजर नील हेफ्टीने लिहिलं तेव्हा त्याच्या डोक्यात बरीच जलद लय होती, बेसीने ती खाली खाली आणून अगदी संथ केली. दोन मात्रांच्या मधे एवढी जागा आहे की घाबरायला होतं. रॉकचा ड्रमर तिथे जागा भरायला जातो. भरू नकोस. सॉनी पेन एरवी काठ्या हवेत उडवणारा, प्रचंड नाटकी ड्रमर, पण इथे बघ कसा नुसता फ्रेडी ग्रीनच्या गिटारला चिकटून बसलाय. तुमच्या बँडमध्ये गिटारवाला असेल तर त्याच्याशी दोस्ती कर, चहाला घेऊन जा, त्याचा चार मात्रांचा 'चक' आणि तुझा राइड एकाच माणसाने वाजवल्यासारखा आला पाहिजे.

आता कानाची गोष्ट. आपण सगळे समेवर वाढलेलो आहोत. चौथ्या नाहीतर आठव्या बारला (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) एक फिल, म्हणजे जागा भरणारा छोटा तुकडा, आणि मग समेवर क्रॅश सिंबल, धाडकन. हात आपोआप जातो. बिग बँडमध्ये नव्वद टक्के वेळा ती समच चुकीची जागा असते! कारण ब्रासचा जोर बहुतेक वेळा समेच्या अर्धी मात्रा आधी येतो, चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात, तबलेवाले अनागत म्हणतात तसं. ट्रम्पेट तिथे येऊन गेले आणि तू अर्ध्या मात्रेने समेवर क्रॅश मारलास की सगळ्यांना वाटतं तू मागे आहेस, तू मेट्रोनोमला अगदी पक्का असलास तरी. डायरेक्टर म्हणाले ना चुकत काही नाही पण चालत नाही, त्यातला अर्धा भाग हा असणार.

तर त्या जागी काय करायचं. समज चौथ्याच्या उत्तरार्धाला सगळ्या ब्रासचा लांब सूर आहे. तू बरोबर चौथ्या मात्रेवर स्नेअरवर एक ठाम ठोका दे, त्याला आधार धरून ते उडी मारणार आहेत, आणि त्यांच्या सुरावर क्रॅश आणि बास ड्रम त्यांच्याबरोबर. 'एक, दोन, तीन, डाट्-डाऽऽ'. आणि सम मोकळी सोड, नुसती राइड चालू. ब्रासचा सूर आखूड असेल तर क्रॅश नको, स्नेअर किंवा बंद हाय-हॅट, कारण क्रॅश लांबत राहते आणि त्यांचा आखूड सूर लोकांना आखूड ऐकूच येत नाही. चार्टवर बघ, ओळीच्या वर बारीक नोट्स लिहिलेल्या असतात त्या बहुतेक फक्त एका सेक्शनच्या असतात, त्या प्रत्येक मारायच्या नसतात, हलकेच मान डोलावल्यासारखा स्नेअरचा स्पर्श पुरे. ओळीच्या आत लिहिलेल्या असतात त्या सगळ्या बँडच्या, तिथे तू पाहिजेसच. आणि ठोका कितीही मोठा दिलास तरी खालचा पाय आणि वरची राइड थांबवायची नाही, नवीन लोकांचं तिथेच घर कोसळतं, फिलच्या आधी अर्धी मात्रा ते ठेका सोडतात आणि फिलनंतर अर्ध्या मात्रेने परत पकडतात.

हे सगळं वाचून वाजवू नकोस, पाठ कर. चिक वेबला नोटेशन वाचता येत नव्हतं. बडी रिचलाही नाही. दोघंही अख्खी अरेंजमेंट डोक्यात ठेवायचे, प्रत्येक सेक्शनचा भाग, वेब तर वादकांना त्यांचा भाग गाऊन दाखवायचा. बडी रिचच्या बँडमध्ये नवीन चार्ट आला की आधी दुसरा ड्रमर बसवून तो वाजवून घ्यायचे, बडी समोर बसून ऐकायचा, आणि मग उठून असा वाजवायचा जसं काही वर्षानुवर्षं वाजवतोय. तुला वाचता येतं हे फार चांगलं आहे, अजिबात सोडू नकोस, पण चार्टमध्ये ड्रमसाठी जे लिहिलेलं असतं ते म्हणजे फार तर पत्ता असतो, घर नसतं. पहिल्या ट्रम्पेटची ओळ तुला गुणगुणता आली पाहिजे. लीड ट्रम्पेट, म्हणजे तोच पहिला, जसा सूर सोडतो तसा तू सोडायचास, तो मागे रेलून वाजवत असेल तर तू त्याला ओढायचं नाही. बँडमध्ये दोनच माणसं सगळ्यांना पुढे नेतात, लीड ट्रम्पेट आणि ड्रमर, त्यांचं पटलं तर बाकीचे १५ आपोआप येतात.

बडी रिचबद्दल तू विचारलंयस आणि मी टाळतोय असं वाटायला नको. १९१७ चा ब्रुकलिनचा, दोन वर्षांचा व्हायच्या आत आईवडिलांबरोबर व्हॉडव्हिलच्या, म्हणजे तिकडच्या करमणुकीच्या खेळांच्या, स्टेजवर वाजवायला लागलेला, पुढे आर्टी शॉ आणि टॉमी डॉर्सी यांच्या बँडमध्ये, आणि १९६६ मध्ये, जेव्हा बिग बँड काढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं होतं तेव्हा, स्वतःचा बँड काढून १९८७ मध्ये जाईपर्यंत बहुतेक काळ चालवला. हात त्याच्यासारखे मी दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत. १९६८ साली त्याची आणि आपल्या अल्लारखां साहेबांची एक रेकॉर्ड पण निघाली. पण त्याचे सोलो ऐकण्याआधी त्याच सोलोच्या आधीचा मिनिटभर ऐक, बँड पूर्ण जोरात असताना तो त्यांना कसा वर उचलतो, कुठे नुसतं एक स्नेअर देऊन गप्प बसतो. सोलो हाताला पाच वर्षांनी पण येतील. ते एक स्नेअर कुठे द्यायचं हे कळायला आजपासून सुरुवात केलीस तर बरं.

आणि एक नाव जे यूट्यूबवर तुला फारसं दिसणार नाही पण मला फार जवळचं आहे, डेव्ह टफ. मार्च १९३८ मध्ये क्रुपा गुडमनला सोडून गेला, तेव्हा त्याच्या जागी हा आला. विचार कर, देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध ड्रमरच्या खुर्चीत. किडकिडीत, तब्येतीने नाजूक, सोलो घ्यायचा त्याला मनापासून कंटाळा, लोक 'क्रुपा, क्रुपा' करत असताना हा माणूस नुसता सिंबल्स चालवत बसला. १९४४-४५ मध्ये वुडी हर्मनच्या बँडमध्ये तो काय करतो ते ऐक, तो बँड म्हणजे उधळलेला घोडा होता आणि टफने एका सिंबलच्या आवाजावर त्याला धरून ठेवलंय. १९४८ मध्ये गेला बिचारा, तोवर मोठे बँड पण एकापाठोपाठ एक बंद पडत होते, युद्ध, वादकांच्या युनियनने घातलेली रेकॉर्डिंगची बंदी, नाचाच्या जागांवर लावलेला कर, सगळं एकदम आलं. त्याच्या हातात कौतुक करण्यासारखं काय होतं हे सांगता येणं कठीण आहे. तो बसला की बँड बरा वाजायचा, बस. मला त्याच्यासारखं वाजवता यावं असं अजून वाटतं.

त्याच वाटेवरचा पुढचा माणूस मेल लुइस. फेब्रुवारी १९६६ पासून ट्रम्पेटवाल्या थॅड जोन्सबरोबर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्ड या जॅझ क्लबमध्ये दर सोमवारी, आणि तो बँड वेगळ्या नावाने अजून सोमवारी वाजवतो, तू अमेरिकेत आहेस तर एकदा पैसे साठव आणि जा, छोटंसं तळघर आहे, त्यात सोळा-सतरा माणसं फुंकतायत आणि ड्रमरचा हात कोपराच्या वर उचलला जात नाही. मोठा आवाज आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे अंगावर येऊन कळतं.

पुढच्या रिहर्सलसाठी एवढंच कर. बासवाल्याला तुझ्या राइडच्या बाजूला, एवढ्या जवळ उभा कर की त्याचं उजवं बोट तुला दिसेल. हॉर्न्स तुझ्या हाय-हॅटच्या बाजूला असतीलच. डायरेक्टरना विनंती कर की एक साधा मध्यम लयीतला चार्ट फक्त तुम्हा चौघांना वाजवू द्या, पियानो, गिटार, बास, ड्रम, हॉर्न्स गप्प. पहिल्या वेळी तू फक्त पाय आणि हाय-हॅट, राइड नको, फिल नको, क्रॅश नको. बासवाल्याला विचार की त्याला त्याचा स्वतःचा सूर नीट ऐकू येतोय का. नाही म्हणाला तर तुझा पाय अजून जड आहे, अर्धा कर आणि परत सुरू कर.